आमची भाविक गाडी

कुणीही सांगितलेल्या आकड्यातून थोडे वजा करून घ्यावे, हा संस्कार आमच्यासारख्या घरात मुंजीच्याही आधी होतो. स्थळाच्या पत्रात मुलाची उंची पाच फूट आठ इंच लिहिलेली असली की आमची आई मनातल्या मनात बुटांच्या टाचा वजा करते. जागेच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटे' असले तर ती पाच मिनिटे पी. टी. उषाची, हे आम्ही धरूनच चालतो. 'धुतल्यावर इंचभर आटणार नाही साहेब' असे कापडवाला छातीवर हात ठेवून म्हणाला की वडील मुकाट्याने पाव वार कापड जास्त घेत. असा हा वजाबाकीचा घरंदाज वारसा घेऊन मी विजेवर चालणारी एसयूव्ही घ्यायला गेलो, पुस्तिकेत 'एका चार्जमध्ये' या शब्दांपुढे पाचशेच्या वरचा आकडा वाचला, आणि सवयीने त्यातून पन्नास वजा केले. म्हटले, जाहिरात आहे, एवढे चालायचेच. साडेचारशे तर कुठे गेले नाहीत!

ते कुठे गेले, तेच आता सांगायचे आहे.

गाडीचे नाव मी सांगणार नाही, कंपनीचेही नाही. एक तर हप्ते अजून चालू आहेत. दुसरे म्हणजे कुठल्याही कंपनीची मोठी विजेची गाडी हायवेला घाला, गोष्ट साधारण हीच होते. फक्त थांबलेल्या गावांची नावे बदलतात.

आणि हेही आधीच सांगून टाकतो की मी विजेच्या गाडीचा शत्रू नाही. ठाण्यात तिने मला राजासारखे ठेवले आहे. क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही, धूर नाही. रात्री खाली पार्किंगमध्ये वायर लावायची आणि झोपायचे. घोडबंदर रोडवर तर ही गाडी चालवणे म्हणजे पुण्यकर्मच. ब्रेक लावला की थोडी वीज पुन्हा बॅटरीत जाते. ट्रॅफिक जॅममध्ये अडकल्यावर काहीतरी परत मिळण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिलाच अनुभव. महिनाभर शहरात फिरवल्यावर समोरचा पडदा सांगू लागला, 'पूर्ण चार्जवर ४३०.' मी मनात म्हटले, बघा, वजाबाकी बरोबर आली!

या गाडीमुळे माझ्या आयुष्यात दोन पंथ शिरले. एक आमचे मेव्हणे. यांच्याकडे डिझेलची गाडी आहे आणि तिची टाकी भरली की ते पंपावरूनच मला फोन करतात. "भाऊजी, पाच मिनिटं लागली. साडेसातशे किलोमीटरची निश्चिंती. तुमचं कसं काय?" दुसरे म्हणजे आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. यांनी विजेची गाडी माझ्या आधी वर्षभर घेतली. नवीन दीक्षा घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांत असते ती चमक यांच्या डोळ्यांत कायमची आहे. गाडीचे काहीही बिघडले तरी दोष चालवणाऱ्याचा, ही त्यांची श्रद्धा. मेव्हण्यांचा मला राग येत नाही. ते उघड शत्रू आहेत. माझे खरे भांडण आहे ते तिसऱ्या मजल्याशी.

गेल्या मे महिन्यात नागपूरला भाचीचे लग्न निघाले. धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. मामाने हात धरून आणल्याशिवाय मुलगी बोहल्यावर चढत नाही, तेव्हा मला जाणे भाग. आई एकोणऐंशी वर्षांची. तिचे गुडघे आणि रेल्वेच्या पायऱ्या यांचे फार वर्षांपूर्वी बिनसलेले. शिवाय, खोटे कशाला बोलू, नागपूरकरांना गाडी दाखवायची होती. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पुरा खुला झालेला. भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत सलग ७०१ किलोमीटर. त्यात २०२५ च्या राज्य धोरणाने विजेच्या गाड्यांना या रस्त्यावर टोलमाफी जाहीर केलेली. म्हणजे रस्ता माझ्यासाठीच बांधला होता म्हणा ना.

मी वहीत आखणी केली. एकूण सव्वासातशे किलोमीटर. गाडीचा पल्ला साडेचारशे. तेव्हा वाटेत एकदाच थांबायचे, तेही जेवणाच्या वेळी. आपण जेवू तेव्हा गाडीही जेवेल. ही शेवटची ओळ मी हिला मोठ्याने वाचूनही दाखवली. ही म्हणाली, "अहो, दशम्या जास्त करून घेऊ का?" बायकांना काही गोष्टी आधीच कशा कळतात, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

पहाटे पाचला शंभर टक्के घेऊन निघालो. इगतपुरीकडे रस्ता चढत जातो. समुद्रसपाटीजवळून उठून सहाशे मीटर वर. जवळजवळ आठ किलोमीटरच्या त्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा पडद्यावर ६६ टक्के. म्हटले, चढ आहे, पुढे भरून निघेल. पुढे रस्ता सपाट, सरळ, मोकळा. गाडीच्या कमाल वेगाची पाटी १२०. मी सज्जन माणूस, एकशे दहा-पंधराच्या पुढे गेलो नाही. गाडी अशी चालली होती की वाटीतले ताकही हिंदकळू नये. फक्त कोपऱ्यातला तो आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा पळत होता. टॅक्सीचा चढतो, हा उतरत होता, एवढाच फरक. शिर्डी आली तेव्हा २९ टक्के.

घरापासून दोनशे किलोमीटर. खर्च ७१ टक्के. आम्हाला शाळेत त्रैराशिक शिकवणाऱ्या मास्तरांचे हात स्वर्गात शिवशिवले असतील. उत्तर येते दोनशे ऐंशी. पुस्तिकेतला पाचशेच्या वरचा आकडा, माझा साडेचारशेचा आणि पडद्यावरचा चारशे तीसचा, असे तिघेही इगतपुरीच्या बोगद्यात शिरले ते बाहेर आलेच नाहीत.

शिर्डीला उतरलो. तिथल्या चार्जिंगची हकिगत लांबवत नाही. अशा हकिगती तुम्ही ऐकल्या असतील. नसतील तर तिसरा मजला सोडून कुणीही सांगेल. एक गन बंद, दुसरीवर आमच्या आधी एक गाडी. एकूण दोन तास गेले. आई मात्र प्रसन्न. हिला घेऊन रिक्षाने देवळात गेली, दर्शन घेऊन आली, अंगारा डॅशबोर्डला लावला आणि म्हणाली, "बरं केलंस हो थांबलास ते. मी म्हणणारच होते, पण म्हटलं तुझी घाई."

मी काही बोललो नाही.

दीडशे किलोमीटरवर जालन्याला पुन्हा थांबणे आले. आई म्हणाली, "जालना, सोन्याचा पालना. इथे काय रे पाहण्यासारखं?" मी म्हटले, "चार्जर."

इथे एक हिशेब सांगायला हवा. तो कुठल्याच पुस्तिकेत मला सापडला नाही. प्रवासात पहिला टप्पा सोडला तर शंभर टक्के कधी नसतातच. ही बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभरा भरते आणि मग पंक्तीत शेवटच्या पुरणपोळीला आलेल्या माणसासारखी मंदावते. वरचे वीस टक्के भरायचे तर ताटकळत बसावे लागते, आणि मागे रांगेतला माणूस घड्याळाकडे आणि तुमच्याकडे आळीपाळीने बघत असतो. तेव्हा ऐंशीला गन काढायची. खाली दहा टक्क्यांपर्यंत कुणी शहाणा माणूस जाऊ देत नाही, कारण पुढचा चार्जर चालू असेल की नाही हे त्या चार्जरलाही माहीत नसते. म्हणजे वापरायला मिळाले सत्तर टक्के. दोनशे ऐंशीचे सत्तर टक्के म्हणजे १९६. पाचशेच्या वरची गाडी घेतली आणि दर दोनशे किलोमीटरला थांबा! एवढ्या अंतरावर तर लाल डब्याची एसटीसुद्धा चहाला थांबताना कुरकुर करायची.

जालना ते कारंजा लाड हा टप्पा साधारण एकशे नव्वद किलोमीटरचा. दुपारी एकला निघालो. बाहेर ४३ अंश. संध्याकाळी सातला सीमांतपूजन, आणि बहिणीचा दर अर्ध्या तासाने फोन, "दादा, कुठपर्यंत आलात?" मी एकशे पंधराने निघालो. पाऊण तासात आकडा असा घसरला की कारंज्याला आपण सात-आठ टक्क्यांवर पोहोचू, कदाचित पोहोचणारही नाही, असे दिसायला लागले. छातीत धस्स झाले. काय कमी करता येईल? तिसऱ्या मजल्याचा उपदेश आठवला, "रेंज कमी वाटली की पहिल्यांदा एसी बंद करायचा." मी एसी बंद केला.

खिडक्या उघडल्या तर आत हवा आली नाही, झळा आल्या. पुन्हा लावून घेतल्या. मे महिन्यातली विदर्भातली दुपार, मोठी काच असलेली बंद गाडी, आणि मागे एकोणऐंशी वर्षांची आई. मी आरशातून बघत होतो. तिने आधी शालीसारखा घेतलेला पदर बाजूला केला. मग डोळे मिटून घेतले. हिने रुमाल पाण्यात भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघितले. त्या बघण्याचे वर्णन करण्याची माझी प्राज्ञा नाही. मी म्हटले, "आई, थोडा वेळ फक्त. बॅटरी पुरायला हवी." ती डोळे न उघडता म्हणाली, "माझं काही नाही रे. तू तुझ्या गाडीला जप."

असा तास-सव्वा तास गेला. कारंज्याला पोहोचलो तेव्हा १२ टक्के होते. आईने उतरल्यावर गाडीला धरून क्षणभर उभे राहून श्वास घेतला, आणि हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान असे हिने सांगितल्यावर हात जोडले. "आधी शिर्डी, आता कारंजं. गाडी मोठी भाविक आहे हो तुझी," ती म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. म्हणूनच मला जास्त लागले.

सीमांतपूजनाला मी आठ वाजता पोहोचलो. मेव्हणे डिझेलने येऊन, अंघोळ करून, सरबत पिऊन दारात उभे होते. पण तो विषय सोडा.

लग्न झाले, भाची सासरी गेली, आणि मी नागपुरात दोन दिवस पडद्यावरचे आकडे आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जे निघाले त्याने माझी मान खाली गेली. माझ्या गाडीचा एसी त्या उन्हातसुद्धा तासाला दीड युनिटच्या आसपास वीज खात होता. युनिट म्हणजे आपल्या घरच्या बिलातले तेच युनिट. आणि गाडी? एकशे पंधराने शंभर किलोमीटरला २२ युनिटे. पंच्याण्णवने त्याच शंभर किलोमीटरला साडेसतरा. म्हणजे वेग वीसने उतरवला असता तर एसीच्या तिप्पट वीज वाचली असती, आणि शंभर किलोमीटरला उशीर झाला असता अकरा मिनिटे. अकरा मिनिटांसाठी आणि दीड युनिटासाठी मी माझ्या आईला त्या डब्यात शिजवले. का, तर आकडा कशाने कमी होतो हे मला विकणाऱ्याने सांगितले नव्हते. फक्त आकडा सांगितला होता.

खरा चोर वारा. तो वाहत नसला तरी आपण त्याच्यात घुसत असतो. वेग दुप्पट केला की त्याचा विरोध चौपट होतो. ऐंशीवरून एकशे वीसवर गेलात की सव्वादोनपट. ही अकरावीतली गोष्ट आहे, पण अकरावीनंतर ती कुणाच्या कामाला येत नाही. पेट्रोलच्या गाडीत हा चोर लपून राहतो, कारण तिथे दरोडेखोर आधीच घरात असतो. इंजिन पेट्रोलमधली बहुतेक ताकद उष्णतेतच घालवते, आणि शहरात चालू-बंद करताना तर फारच. म्हणून पेट्रोलची गाडी हायवेला सुखावते, शहरापेक्षा जास्त ॲव्हरेज देते. विजेची मोटर उधळी नाही, काटकसरी सुनेसारखी आहे. त्यामुळे वाऱ्याने नेलेले प्रत्येक युनिट तिच्या हिशेबात लख्ख दिसते. त्यातून एसयूव्ही म्हणजे काय? उंच, रुंद, समोरून सपाट, दोन टनांचे कपाट. कपाट घेऊन वाऱ्यात धावायचे तर वारा आपले घेणारच. शहरात ब्रेक लावून जी वीज परत मिळते ती इथे नाही, कारण समृद्धीवर ब्रेक लावायचा प्रसंगच येत नाही. एकूण काय, पेट्रोलच्या गाडीचे जे हायवेला भले होते तेच विजेच्या गाडीला भोवते. पन्नास वर्षे आपण उलटे शिकलेलो.

मग तो पाचशेच्या वरचा आकडा आला कुठून? खोटा आहे का? नाही, हीच तर गंमत आहे. तो अगदी खरा आहे. फक्त तो ज्या गावचा आहे त्या गावाला रस्ता नाही.

या चाचणीत गाडी एका खोलीत रुळांवर उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागेवर. व्यायामशाळेत लोक पट्ट्यावर पळतात आणि कुठेच पोहोचत नाहीत, तसे. खोलीत हवा बेताची, ना मे महिना ना नागपूर. एसी बंद. मग एक ठरलेले नाटक सुरू होते. पहिला अंक शहराचा: १९५ सेकंदांचा एक प्रवेश, तोच चार वेळा. थोडे निघायचे, थांबायचे, पुन्हा निघायचे, वेग पन्नासच्या वर नाही. दुसरा अंक शहराबाहेरचा, ४०० सेकंदांचा. त्यात गाडी जरा पाय मोकळे करते आणि शेवटी नव्वदला पोहोचते. नव्वदच्या वर नाही! एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी. सरासरी वेग तीस-बत्तीसच्या घरात. हेच नाटक बॅटरी संपेपर्यंत पुन्हा पुन्हा. वाऱ्याचा विरोध त्या रुळांना हिशेबाने शिकवलेला असतो, नाही असे नाही. पण जो वेग नाटकात येतच नाही त्याचा वारा तरी कुठून येणार? मूळ नाटक युरोपातले. त्यात शेवटी वेग १२० पर्यंत जायचा. आपण आपले रस्ते बघून तो नव्वदवर आणला. तेव्हा ते योग्यही होते. पुढे युरोपने ते नाटकच २०१७ पासून हळूहळू मोडीत काढून नवे बसवले, त्यात वेग १३१ पर्यंत जातो. आपण नाटक तेच ठेवले आणि रस्ता मात्र १२० चा बांधला.

माझे चाचणी करणाऱ्यांशी भांडण नाही. सगळ्या गाड्यांना एकच गज लावायचा, म्हणजे त्यांची आपसात तुलना होते. चाचणीचे काम तेवढेच, आणि ते ती करते. सगळ्या मुलांची उंची बुटांसकट मोजली तर कोण उंच हे कळतेच की. पण म्हणून दरवाजाची चौकट त्या मापाने करू नये! घोडबंदर रोडचा आकडा समृद्धीच्या फोटोवर छापायचा, मागे डोंगर, पुढे मोकळा रस्ता, नवराबायको हसत कुठेतरी लांब निघालेली, आणि खाली तारा टाकून मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात 'प्रयोगशाळेच्या परिस्थितीत', ही लबाडी माझ्या डोक्यात जाते. शहरात पाचशे किलोमीटरची गरज कुणाला आहे? शहरात मी दिवसाला पस्तीस फिरतो, रोज रात्री वायर लावतो. पल्ला लागतो तो हायवेलाच, आणि नेमका तिथलाच आकडा द्यायचा नाही.

आणि ज्यांनी दिला त्यांनीही कसा बघा. टाटांच्या कर्व्ह या विजेच्या गाडीचे उदाहरण घेतो. ही माझी गाडी नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये ती आली तेव्हा मोठ्या बॅटरीचा आकडा होता ५८५. मग नाटकाचा दुसरा अंकही हिशेबात धरून आकडा द्यायची पद्धत आली, तेव्हा तो झाला ५०२. बॅटरी तीच, चाके तीच. आणि तिसरा आकडा कंपनीने आपणहून दिला, लोकांना प्रत्यक्ष वापरात मिळतो म्हणून: ४०० ते ४२५. मी या कंपनीला नाव ठेवत नाही, उलट हा तिसरा आकडा देण्याबद्दल तिला नारळ द्यायला तयार आहे. पण तोही सगळ्या प्रकारच्या चालवण्याचा आकडा. सलग शंभर-एकशे दहाने लग्नाला निघालेल्या मामाचा चौथा आकडा अजून यायचाच आहे. अमेरिकेत त्यांचे सरकारी पर्यावरण खाते काय करते? प्रयोगशाळेत आलेल्या पल्ल्याला सामान्यतः ०.७ ने गुणते आणि तो आकडा गाडीच्या काचेवर लावते. म्हणजे आमच्या आईसारखी वजाबाकी तिथे सरकार करते. आपल्याकडे ती ज्याची त्याने करायची, आणि किती करायची हे विचारायचे नाही.

हे सगळे मी परत आल्यावर तिसऱ्या मजल्याला ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्ही कितीने चालवलीत?"

"एकशे दहा-पंधरा."

"मग! ऐंशीने चालवायची. मिळतात की चारशे."

माझे डोके फिरले ते इथे. दूधवाल्याने लिटर म्हणून पाऊण लिटर घातले आणि आपण विचारले तर तो म्हणाला, "लिटरच होतं, तुम्ही फार जोरात ओतलंत," तर आपण काय करू? समृद्धीवर ऐंशी ही ट्रकची मर्यादा आहे. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या गाडीत आईला बसवून मी दोन ट्रकांच्या मध्ये नागपूरपर्यंत जाऊ? आणि मग शोरूममध्ये गाडीच्या वेगाबद्दल एवढे कौतुक का सांगत होता? 'सर, इतक्या सेकंदांत शून्यापासून शंभर!' शंभरवर गेल्यावर काय करायचे असते? परत यायचे असते?

"पेट्रोलचे आकडे तरी कुठे खरे असतात?" त्यांनी दुसरे अस्त्र काढले. नसतात. कबूल. अठरा सांगतात, चौदा देते. पण चौदा दिले तर माणूस पुढच्या पंपावर वळतो, पाच मिनिटांत निघतो. त्याला भर दुपारी आई की बॅटरी असा प्रश्न पडत नाही. आकडा चुकला तर कुठे चुकतो, याला काही महत्त्व आहे की नाही? लग्नपत्रिकेत पाहुण्याचे नाव चुकणे निराळे आणि नवऱ्याचे चुकणे निराळे.

माझी मागणी फार नाही. गाडीच्या काचेवर मोठ्या अक्षरात एक ओळ लिहा: ताशी शंभर, एसी चालू, चार माणसे, ऐंशी टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत, किती किलोमीटर? शंभराने किती, एकशे वीसने किती, दोन्ही लिहा. आकडा लहान येईल. येऊ दे. मला दोनशे सांगितले असते तरी मी हीच गाडी घेतली असती, कारण वर्षातले साडेतीनशे दिवस ती मला स्वस्तात आणि सुखात फिरवते. फक्त वहीत एकाऐवजी तीन थांबे लिहिले असते, पहाटे पाचऐवजी आदल्या दिवशी निघालो असतो, आणि पाय कधी उचलायचा हे मला कळले असते. हायवेचा खरा आकडा सांगितल्याने गाडी विकली जाणार नाही, ही भीती ज्या कुणाला वाटते त्याचा आपल्या गाडीवर माझ्याइतकाही विश्वास नाही.

येताना मी पंच्याण्णवने आलो. एसी बावीसवर. तिन्ही ठिकाणी थांबलो, यावेळी ठरवून. आईने कारंज्याला गुरुमंदिरात निवांत दर्शन घेतले, शिर्डीला प्रसादाचे लाडू घेतले आणि सिन्नरच्या पुढे शाल पांघरून झोपून गेली. एकदा जागी होऊन म्हणाली, "अरे, थोडा कमी कर, गारठले मी." मी कमी केला नाही. हिने तिला दुसरी शाल दिली.

आठवड्याने दुपारी घरी फोन आला. शोरूममधून, ग्राहकांच्या समाधानाची चौकशी. मी अंघोळीला गेलो होतो, आईने घेतला. पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारत असावी, कारण आईही गोड आवाजात उत्तरे देत होती. गाडी छान आहे. आवाज नाही. बसायला उंच आहे, पण मुलगा पाट ठेवतो. मग बहुधा तो नेहमीचा प्रश्न आला, एका चार्जमध्ये किती जाते म्हणून. मी टॉवेल गुंडाळून धावत बाहेर येईपर्यंत आईने सांगूनही टाकले होते.

"शिर्डीपर्यंत जाते, बाळ. पुढचं बाबा बघतात."